हॉलमधला टीव्ही नेटवरून काढला, आणि मग त्याला जोडायला डबा शोधला

आमच्या हॉलमधल्या टीव्हीला आता इंटरनेट नाही. वायफायचा पासवर्ड त्यातून काढून टाकलाय, राउटरमध्येही त्याला ब्लॉक केलंय, आणि जे काही बघायचं ते एचडीएमआयला जोडलेल्या छोट्या डब्यांवरून बघतो. हे ठरवताना, तो डबा निवडताना आणि घरच्यांच्या गळी उतरवताना काय काय केलं ते सविस्तर लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा एकतर नुसती फीचर्सची तुलना मिळायची नाहीतर 'स्मार्ट टीव्हीच घेऊ नका' असा सल्ला, मधलं काहीच नाही.

सुरुवात झाली एका अपडेटपासून. अपडेटनंतर टीव्ही लावला की अटींचं लांबलचक पान यायचं, खाली मोठं बटण 'सगळं मान्य' आणि त्याच्या शेजारी फिक्या अक्षरात 'पर्याय'. मी पर्यायात गेले तर तिथे संमत्या वेगवेगळ्या होत्या, आवाजाची वेगळी, आवडीनुसार जाहिरातींची वेगळी, आणि एक होती 'तुम्ही काय बघता त्याची माहिती' अशी. तिचा मजकूर नीट वाचला तेव्हा कळलं की ही गोष्ट टीव्हीतल्या ॲपपुरती नाहीये, स्क्रीनवर उमटेल ते त्यात येऊ शकतं, मग ते अँटेनावरून येवो, एचडीएमआयला लावलेल्या लॅपटॉपवरून येवो नाहीतर गेमच्या कन्सोलवरून.

याला ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन म्हणतात, थोडक्यात एसीआर. टीव्ही सतत थोड्या थोड्या वेळाने स्क्रीनवरचे काही पिक्सेल किंवा आवाजाचा तुकडा घेतो, त्याचा छोटासा ठसा बनवतो आणि तो सर्व्हरवरच्या कार्यक्रमांच्या ठशांशी ताडून बघितला जातो. पूर्ण चित्र पाठवायची गरजच नसते, ठसा जुळला की कोणता कार्यक्रम, कुठल्या मिनिटाला, कुठली जाहिरात बघितली आणि कुठली लागल्यावर चॅनल बदललं हे सगळं कळतं. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीवर याच कारणाने केस झाली होती. २०१४ पासून साधारण १ कोटी १० लाख टीव्हींमधून लोकांना धड न सांगता सेकंदासेकंदाची माहिती गोळा केली असा आरोप होता, आणि २०१७ मध्ये तिथलं फेडरल ट्रेड कमिशन (ग्राहकांच्या हिताची सरकारी संस्था) आणि न्यू जर्सी राज्य यांच्याशी २२ लाख डॉलरवर ते मिटलं. त्या तक्रारीत मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की आयपी ॲड्रेसवरून घर ओळखून त्याला वय, लिंग, उत्पन्न, लग्न झालंय की नाही, घर स्वतःचं आहे का असली माहिती जोडली जात होती. म्हणजे टीव्हीने बघितलेलं नुसतं टीव्हीपुरतं राहत नाही.

त्याच्याही आधी, २०१३ मध्ये, ब्रिटनमधल्या एकाने स्वतःच्या घरचा नेटवर्क ट्रॅफिक तपासून दाखवलं होतं की त्याचा एलजीचा टीव्ही चॅनलची नावं तर पाठवतोच पण यूएसबी ड्राइव्हवरच्या फाइलींची नावंही पाठवतोय, आणि तेही सेटिंग बंद केल्यावर. कंपनीने पुढे ते मान्य केलं. हे वाचल्यावर मी थोडा वेळ शांत बसले, कारण आमच्या ड्राइव्हवर घरातल्या पोरांचे व्हिडिओ आहेत, फाइलींना त्यांची नावं, वाढदिवसाच्या तारखा, शाळेच्या कार्यक्रमाचं नाव असं सगळं आहे. आम्हीच सोयीसाठी तशी नावं दिली होती.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात आणि मला तो मनापासून पटत नाही. टीव्ही घरात सगळ्यांचा असतो, त्यावर बाबा त्यांच्या आजाराचे व्हिडिओ बघतात, पोरं कार्टून बघतात, पाहुणा येऊन त्याच्या बातम्या लावतो, आणि यातल्या कोणालाही कोणी विचारलेलं नसतं. कोण काय बघतं ही यादी किती खाजगी असते हे लोकांना फार पूर्वीच कळलं होतं. १९८७ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बोर्क यांचं सुप्रीम कोर्टासाठी नामांकन झालं तेव्हा एका वृत्तपत्राने त्यांनी दुकानातून भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटची यादी छापली, त्यात वावगं असं काही नव्हतं, तरी पुढच्याच वर्षी तिथे व्हिडिओ भाड्याच्या नोंदी गुप्त ठेवायचा कायदा झाला. नुसती यादी बाहेर आली म्हणून कायदा. दादाला हे सांगितल्यावर तो म्हणाला बरं, कर काय करायचं ते, पण मॅच अडायला नको.

आधी मला स्वतःच्या डोळ्याने बघायचं होतं. जुना लॅपटॉप पडून होता त्यावर लिनक्स टाकून पाय-होल बसवलं. पाय-होल म्हणजे घरातलं कुठलंही उपकरण एखाद्या सर्व्हरचा पत्ता विचारतं तेव्हा तो प्रश्न यातून जातो, मग कोणी काय विचारलं त्याची नोंद दिसते आणि नको ते नाव अडवता येतं. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटतं ते) डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा, म्हणून त्या लॅपटॉपचा पत्ता दिला, झालं. संध्याकाळी सगळ्यांनी नेहमीसारखा टीव्ही बघितला आणि रात्री मी नोंदी उघडल्या. टीव्ही स्टँडबायमध्ये होता, स्क्रीन काळी, सगळे झोपलेले, आणि तरी त्याचं विचारणं चालूच होतं, त्यात जाहिरातींच्या सर्व्हरची नावं, कोण काय बघतं ते मोजणाऱ्या कंपन्यांची नावं. मी एसीआरची संमती काढून घेतल्यावर त्यातली काही नावं गायब झाली, काही मात्र तशीच राहिली.

हे नंतर एका अभ्यासाशी जुळलं म्हणून मला जास्त विश्वास वाटला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन, कॅलिफोर्नियातली डेव्हिस आणि माद्रिदची कार्लोस तिसरा या विद्यापीठांतल्या लोकांनी २०२४ मध्ये सॅमसंग आणि एलजीचे टीव्ही घेऊन एसीआरचा ट्रॅफिक मोजला. टीव्ही नुसता एचडीएमआयचा स्क्रीन म्हणून वापरला तरी ठसे जाताना दिसले, आणि सेटिंगमधून नकार दिल्यावर तो ट्रॅफिक थांबला. म्हणजे सेटिंग खोटं नाही, ते फक्त सापडत नाही. सॅमसंगमध्ये ते 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस' नावाने असतं, एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस', सोनीच्या बऱ्याच टीव्हींत 'सांबा' असं नाव दिसेल, रोकूच्या टीव्हीत 'स्मार्ट टीव्ही एक्सपीरियन्स' खाली. नावावरून कोणाला कळणार की हे काय आहे. ज्यांना बाकी काहीच करायचं नाही त्यांनी निदान एवढं तरी आजच बंद करावं.

मी त्याच्या पुढे गेले कारण पुढच्या अपडेटला ते अटींचं पान परत येणार आणि तेव्हा रिमोट कोणाच्या हातात असेल सांगता येत नाही. आधी टीव्हीचं फर्मवेअर (त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) शेवटचं अपडेट करून घेतलं, कारण चित्राच्या आणि आवाजाच्या दुरुस्त्या त्यात असतात, मग फॅक्टरी रिसेट, आणि सेटअपमध्ये नेटवर्क विचारलं तिथे 'नंतर' म्हणून सोडून दिलं. हा क्रम महत्त्वाचा आहे, उलटा केलात तर परत नेट जोडावं लागतं. बऱ्याच टीव्हींना पुढे लागलंच तर यूएसबीवरून अपडेट देता येतं. नेट काढल्यावर टीव्ही काही रुसला नाही, उलट लवकर चालू व्हायला लागला आणि होम स्क्रीनवरचे जाहिरातींचे मोठे चौकोन रिकामे झाले.

आता प्रश्न डब्याचा.

मी स्वतःशी ठरवलं की कागदावरची फीचर्स नंतर, आधी दोन गोष्टी बघायच्या, की हा डबा बनवणारी कंपनी पैसे कशातून मिळवते आणि डबा बाहेर काय पाठवतो ते मला बघता येतं का. पहिली गोष्ट फार बोलकी असते. व्हिझिओने २०२१ मध्ये एका तिमाहीचे आकडे दिले त्यात जाहिराती आणि डेटाच्या विभागाचा ढोबळ नफा टीव्ही विकून झालेल्या नफ्याच्या दुपटीहून जास्त होता. रोकूचाही बहुतेक महसूल डबे विकून येत नाही, प्लॅटफॉर्ममधून, म्हणजे जाहिराती आणि सेवांच्या वाट्यातून येतो. डबा स्वस्त मिळतो तो उगाच नाही, उरलेले पैसे महिनोन्‌महिने आपल्या बघण्यातून वसूल व्हायचे असतात.

सगळ्यात आधी बाद केले ते बिननावाचे अँड्रॉइड बॉक्स. दिसायला भुरळ पाडणारे असतात, सगळे चॅनल फुकट, एकदा पैसे भरा आणि विसरा वगैरे. जानेवारी २०२३ मध्ये एका सुरक्षा तज्ज्ञाने टी९५ नावाच्या अशा बॉक्समध्ये फर्मवेअरमध्येच बसवलेलं मालवेअर दाखवलं, म्हणजे रिसेट केलं तरी न जाणारं. पुढे 'बॅडबॉक्स' या नावाने तो सगळा प्रकार उघड झाला, जून २०२५ मध्ये एफबीआयने 'बॅडबॉक्स २.०' बद्दल लोकांना सावध केलं आणि त्याच्या पुढच्या महिन्यात गूगलने त्या टोळीवर दावा लावला तेव्हा अशा उपकरणांचा आकडा १ कोटीच्या वर सांगितला होता. अशा डब्यातून तुमचं नेट कनेक्शन परक्यांना भाड्याने दिलं जातं, कोणीतरी कुठेतरी बसून फसवणूक करतं आणि आयपी ॲड्रेस तुमच्या घरचा लागतो. ओळखीत कोणी घेतला असेल तर मी सरळ सांगते, काढून टाका. अँड्रॉइडचाच हवा असेल तर निदान प्ले प्रोटेक्ट सर्टिफाइड आहे का हे सेटिंगमध्ये बघा.

मग मोठ्या कंपन्यांच्या स्टिक, एचडीएमआयला खोचायच्या छोट्या कांड्या. इथे प्रिन्स्टन आणि शिकागो विद्यापीठांच्या २०१९ च्या अभ्यासाने माझं मत बनलं. त्यांनी हजारांनी चॅनल-ॲप आपोआप चालवून बघितले, रोकूच्या ६९ टक्के आणि ॲमेझॉन फायर टीव्हीच्या ८९ टक्के चॅनलवर ट्रॅकर सापडले. आकडे आता जुने झालेत पण त्यातला मुद्दा जुना झालेला नाही, की ट्रॅकिंग दोन थरांत असतं, एक डब्याची स्वतःची सिस्टिम आणि दुसरं आत टाकलेलं प्रत्येक ॲप. सिस्टिममध्ये जाहिरातींचा आयडी पुसला, आवडीनुसार जाहिराती बंद केल्या, तरी ॲपला तुमचं लॉगिन माहीत असतंच. कुठलाही डबा आणा, हे बदलत नाही. मला हे कळायला वेळ लागला आणि कळल्यावर निवड सोपी झाली.

ॲपल टीव्ही ४के वर मी बरेच दिवस अडकले होते. पैसे आधीच घेतलेले असतात, होम स्क्रीनवर बाहेरच्या जाहिराती नसतात, आणि २०२१ मध्ये टीव्हीओएस १४.५ पासून ॲपला दुसऱ्यांच्या ॲपमध्ये तुमचा माग काढायचा असेल तर परवानगी विचारावी लागते, ती सगळ्यांसाठी एकदाच नाकारताही येते. वापरायला सोपा, चित्र उत्तम. फक्त ॲप घ्यायला ॲपलचं खातं लागतं, सिस्टिम बंद पेटीसारखी आहे, आत काय चाललंय ते बघायचं तर बाहेरून ट्रॅफिकवर नजर ठेवायची एवढाच मार्ग. एनव्हिडिया शील्ड पण बघितला, अँड्रॉइड टीव्ही असल्यामुळे एफलाँचर सारखा मोकळा लाँचर (होम स्क्रीन दाखवणारं ॲप) टाकून ती साफ करता येते, एडीबीवरून (कॉम्प्युटरवरून कमांड देऊन) नको ती पॅकेजेस बंद करता येतात, पण मुळात सिस्टिम गूगलची आणि दर मोठ्या अपडेटनंतर हे परत तपासत बसायचं.

मिनी पीसीचा पण विचार केला. इंटेल एन१०० वाले छोटे पीसी कमी वीज खातात, एचईव्हीसी आणि एव्ही१ या व्हिडिओ लहान करून साठवायच्या दोन्ही पद्धती हार्डवेअरमध्येच उलगडतात (डिकोड करतात), लिनक्स टाकला की सगळं आपल्या हातात. अडचण रिमोटची. टीव्हीचा रिमोट एचडीएमआयच्या वायरीतून जोडलेल्या डब्याला चालवतो त्याला सीईसी म्हणतात, आणि बहुतेक मिनी पीसींच्या एचडीएमआयला ते नसतं, वेगळा अडॅप्टर लावावा लागतो. सोफ्यावर कीबोर्ड घेऊन बसणं मला चालेल, आईला नाही चालणार. आणि आईला नाही चाललं तर ती काय करेल? टीव्हीचंच ॲप उघडून द्या म्हणेल, आणि सगळं मुसळ केरात. म्हणून माझ्यासाठी सीईसी हा प्रायव्हसीचाच मुद्दा झाला, हे मी अगदी गंभीरपणे सांगतेय. जी व्यवस्था घरातल्या सगळ्यात कंटाळणाऱ्या माणसाला रोज वापरता येत नाही ती टिकत नाही.

निर्णय शेवटी कशावर झाला तर आम्ही प्रत्यक्षात काय बघतो यावर. मी कागदावर लिहून काढलं. घरचे फोटो आणि व्हिडिओ, स्वतःच्या डीव्हीडी आणि ब्लू-रेवरून उतरवून ठेवलेले सिनेमे, रेकॉर्ड केलेली गाणी आणि व्याख्यानं, यातलं बरंच काही नेट न लागणारं. मॅच आणि पैसे भरून घेतलेल्या स्ट्रीमिंग सेवा वेगळ्या. या दोन गरजा एकाच डब्यात कोंबायचा हट्ट सोडला आणि तिथून पुढे सगळं सुटत गेलं.

स्वतःच्या संग्रहासाठी रास्पबेरी पाय (एका छोट्या बोर्डवरचा संगणक) घेतला आणि त्यावर लिब्रेइलेक. लिब्रेइलेक म्हणजे कोडी (सिनेमे, गाणी, फोटो दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवण्यापुरती लागणारी छोटीशी लिनक्स सिस्टिम, २०१६ मध्ये ओपनइलेकमधून वेगळी झालेली. कोडी तर त्याहून जुना, पहिल्या एक्सबॉक्सवर एक्सबीएमसी म्हणून वाढला आणि २०१४ मध्ये त्याचं नाव कोडी झालं, मागे विना-नफा फाउंडेशन आहे, खातं उघडायला सांगत नाही, सोर्स कोड उघडा. इथे एक स्पष्ट केलं पाहिजे, कोडीबरोबर कुठलाही सिनेमा किंवा चॅनल येत नाही, 'सगळं भरलेला कोडी बॉक्स' म्हणून जे विकतात त्यांच्याबद्दल कोडीवाल्यांनीच वारंवार नाराजी सांगितलीय. अनोळखी ठिकाणचे ॲड-ऑन (जोडायचे छोटे प्रोग्राम) टाकलेत तर वरच्या बिननावाच्या बॉक्समध्ये आणि तुमच्यात फार फरक राहत नाही. ज्यांना हे जोडाजोडीचं काम नको त्यांच्यासाठी ओएसएमसी प्रकल्पाचा व्हेरो व्ही हा तयार डबा आहे, तोही कोडीवरच चालतो.

पाय ४ घ्यायचा की ५ यात थोडं डोकं लावावं लागतं. पाय ४ मध्ये एच.२६४ (एचईव्हीसीच्या आधीची पद्धत) आणि एचईव्हीसी दोन्हीचा हार्डवेअर डिकोडर आहे. पाय ५ मध्ये एच.२६४ चा हार्डवेअर डिकोडर काढलाय, फक्त एचईव्हीसीचा ठेवलाय, मात्र प्रोसेसर इतका दमदार आहे की १०८०पी चं एच.२६४ सॉफ्टवेअरमध्येच सहज चालतं. एव्ही१ चा हार्डवेअर डिकोडर दोन्हींत नाही. आमच्याकडे जुन्या फाइली जास्त म्हणून पाय ४ घेतला.

बसवणं सोपं आहे. रास्पबेरी पाय इमेजरने कार्डावर लिब्रेइलेक लिहायचं, कार्ड घालून चालू करायचं, पहिल्यांदा ते स्वतःच पार्टिशन वाढवतं आणि मग नेटवर्क, एसएसएच, सांबा विचारतं (हा सांबा फाइल शेअरिंगचा, टीव्हीतल्या सांबाशी काही संबंध नाही). एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत शिरायची सोय) लागत नसेल तर बंद ठेवा, लागत असेल तर पासवर्ड बदला. एचडीएमआयची केबल पॉवरच्या यूएसबी-सी शेजारच्या पोर्टलाच लावा. चार्जर कुठलाही चालवू नका, व्होल्टेज कमी पडलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात वीजेचं चिन्ह येतं आणि मग अधूनमधून चित्र अडकायला लागतं. कोडीच्या प्लेयर सेटिंगमध्ये 'रिफ्रेश रेट जुळवा' हे चालू केलं की २४ फ्रेमचे सिनेमे हिसके न देता चालतात, हे मी केल्यावर बाबांना न सांगता फरक कळला.

आता जरा बारीक गोष्ट, जी मला कुठे एका जागी लिहिलेली मिळाली नाही. कोडीत फोल्डर जोडलं की तो सिनेमांची पोस्टर आणि माहिती आणायला बाहेर विचारतो, सहसा द मूव्ही डेटाबेसला, म्हणजे तुमच्या संग्रहातली नावं तिथे जातात. डेटाबेस चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण मला जे टाळायचं होतं तेच नकळत परत होणार होतं. सिनेमांच्या बाबतीत मी ते चालू दिलं. घरच्या व्हिडिओंचं फोल्डर मात्र स्क्रेपर (बाहेरून माहिती आणणारा भाग) न लावता जोडलं, आणि जिथे शीर्षक हवं तिथे फाइलशेजारी एनएफओ फाइल (शीर्षक वगैरे लिहिलेली मजकुराची फाइल) ठेवून 'फक्त स्थानिक माहिती' हा पर्याय निवडला. लिब्रेइलेकच्या अपडेटच्या पानावर आकडेवारी पाठवायचा पर्याय असतो तोही बंद केला.

सगळ्या फाइली त्याच जुन्या लॅपटॉपवर ठेवल्यात आणि तिथे जेलीफिन चालतं, म्हणजे त्या फाइली घरातल्या नेटवर्कवरून दाखवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर. जेलीफिन २०१८ च्या शेवटी एम्बी या तशाच सॉफ्टवेअरमधून वेगळं झालं, एम्बीने आपला कोड खुला न ठेवायचं ठरवलं तेव्हा. त्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे लॉगिन घरच्याच सर्व्हरवर होतं, मध्ये कुठली कंपनी नाही. त्याच जातीचं प्लेक्स जास्त देखणं आहे, मी वापरून बघितलंय, पण त्यात खातं त्यांच्या सर्व्हरवर असतं आणि २०२२ आणि २०२५ मध्ये त्यांच्याकडून खात्यांची माहिती बाहेर गेल्याचं त्यांनीच कळवलं होतं. जेलीफिनमध्ये लायब्ररी बनवताना प्रकार 'होम व्हिडिओज आणि फोटोज' निवडला की ते बाहेर काही शोधत बसत नाही. बाहेरगावाहून बघायला पोर्ट उघडून ठेवायचा मोह होतो, तो आवरा, हवंच असेल तर वायरगार्डचा व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित रस्ता) करून आत या.

मग परत पाय-होलच्या नोंदी. पाय कित्येक तास चालू ठेवून बघितलं. वेळ जुळवायचा सर्व्हर, कोडीच्या ॲड-ऑनचा सर्व्हर, लिब्रेइलेकचं अपडेट, आणि नवीन सिनेमा टाकला तर पोस्टर. बास. प्रत्येक नाव कशासाठी आहे ते मला सांगता येत होतं, आणि मला वाटतं हाच खरा निकष आहे, डबा गप्प असलाच पाहिजे असं नाही पण तो जे बोलतो त्याचं कारण आपल्याला कळलं पाहिजे.

पाय-होलची मर्यादाही सांगते नाहीतर लोक निर्धास्त होतात. काही उपकरणं राउटरने दिलेला डीएनएस वापरतच नाहीत, थेट गूगलच्या ८.८.८.८ ला विचारतात, त्यासाठी राउटरमध्ये पोर्ट ५३ चा, म्हणजे डीएनएसचा, ट्रॅफिक आपल्याकडे वळवायचा नियम करावा लागतो. आणि एचटीटीपीएसमधून डीएनएस करणारी उपकरणं असतील तर ते साध्या नोंदीत दिसतही नाही. पाय-होल म्हणजे खिडकी आहे, भिंत नाही.

स्ट्रीमिंग सेवांचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. पायवर त्या चालवायच्या खटपटी करता येतात पण वाइडवाइनची (व्हिडिओची नक्कल होऊ नये म्हणून सेवा वापरतात त्या कुलपाची) सगळ्यात वरची एल१ पातळी त्याला नाही, एल३ वर सेवा चित्राचा दर्जा कमी करतात, आणि अधूनमधून काहीतरी बंद पडतं. मॅच चालू असताना मी दुरुस्ती करत बसणार नव्हते. म्हणून दुसऱ्या एचडीएमआयला ॲपल टीव्ही लावला. त्याला राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर ठेवलंय म्हणजे घरातली बाकी उपकरणं त्याला दिसत नाहीत, ट्रॅकिंगची परवानगी सरसकट नाकारलीय, ॲनालिटिक्स बंद, ॲप मोजकीच. स्ट्रीमिंग कंपनीला आम्ही तिच्याकडे काय बघतो ते कळतंच आणि ते मी थांबवू शकत नाही, पण एका कंपनीला दुसरीकडे काय बघितलं ते कळत नाही, आणि घरचे व्हिडिओ या सगळ्याच्या बाहेर आहेत. या डब्याची वायर वेगळ्या स्विचच्या बोर्डवर आहे, नको तेव्हा स्विचच बंद.

कोणी विचारेल मग एकच ॲपल टीव्ही का नाही. चालेल की. त्यावर इन्फ्यूज हे व्हिडिओ दाखवायचं ॲप टाकून जेलीफिनवरचा संग्रह बघता येतो, आणि ज्याला कार्ड, इमेज, सेटिंग हे काही नको त्याला मी तेच सुचवते, फक्त टीव्ही नेटवरून काढायचा हा भाग मात्र सोडू नका, कारण टीव्ही ऑनलाइन असेल आणि एसीआर चालू असेल तर ॲपल टीव्हीवर काय दिसतंय त्याचा ठसा टीव्ही घेऊ शकतो. डबा कितीही चांगला असला तरी काच टीव्हीची आहे.

आईला शिकवताना तिने सुरुवातीलाच सांगितलं, "मला बटणं कुठली ते दाखव, बाकी तुझं तू बघ." टीव्हीचाच रिमोट, सीईसीमुळे बाण आणि ओके, इनपुट बदलायचं बटण. कोडीच्या होम स्क्रीनवरून हवामान, रेडिओ, ॲड-ऑन, जे लागत नाही ते सगळं लपवून टाकलं, 'घरचे व्हिडिओ', 'सिनेमे', 'गाणी' एवढंच ठेवलं, अक्षरं मोठी असलेली स्किन लावली. टीव्ही बंद केल्यावर पाय काय करणार हे कोडीच्या सीईसी सेटिंगमध्ये असतं, ते 'काही करू नको' वर ठेवलं, नाहीतर तो बंद व्हायचा आणि सकाळी रिमोटने उठायचा नाही. आवाजाने शोधायची सोय गेली याचं दादाला वाईट वाटलं, मला नाही. २०१५ मध्ये सॅमसंगच्या प्रायव्हसी धोरणात टीव्हीसमोर बोललेली खाजगी गोष्टही बाहेरच्या कंपनीकडे जाऊ शकते अशा अर्थाचं वाक्य होतं त्यावर बराच गदारोळ झाला होता. ॲपल टीव्हीच्या रिमोटचा माइक बटण दाबल्यावरच ऐकतो, तरी सिरी बंदच ठेवलीय.

एक फायदा असा झाला जो मी धरला नव्हता. पोरं आता घरचे जुने व्हिडिओ लावतात, कारण होम स्क्रीनवर पहिलं तेच दिसतं, तिथे कोणी पैसे देऊन स्वतःचा कार्यक्रम वर आणलेला नाही. बाबा रोज संध्याकाळी एखादं व्याख्यान लावतात.

देखभाल म्हणाल तर थोडी आहे. एसडी कार्ड कधीतरी जातं, म्हणून लिब्रेइलेकच्या सेटिंगमधला बॅकअप घेऊन तो लॅपटॉपवर ठेवते, नवीन कार्डावर परत आणायला फार वेळ लागत नाही. लिब्रेइलेकच्या मोठ्या आवृत्त्या आपोआप होऊ देत नाही, थोडे दिवस थांबून मग करते. पाय-होलच्या याद्या आपोआप ताज्या होतात, क्वचित एखादी कामाची साइट अडते तेव्हा नोंदीत बघून तेवढं नाव सोडायचं. टीव्ही मधूनच 'नेटवर्क जोडा' म्हणून विचारतो, तेव्हा आता आईच 'नंतर' दाबते. पुढे जेलीफिनचा सर्व्हर लॅपटॉपवरून काढून एन१०० च्या मिनी पीसीवर न्यायचाय, कारण लॅपटॉपचा पंखा आवाज करतो आणि त्याच्या बॅटरीवर माझा फारसा भरवसा नाही, ते झालं की तो पीसी कपाटात ठेवता येईल, तिथे सीईसीचीही गरज नाही.